आर्बोरेटम बघायला जाताय? पाटी वाचण्यापासून घेर मोजण्यापर्यंत

आर्बोरेटम म्हणजे नोंदी ठेवलेला वृक्षसंग्रह. बागेत झाड लावतात ते सावलीसाठी, फुलांसाठी, रस्त्याच्या कडेला बरं दिसतं म्हणून. इथे प्रत्येक झाड कुठून आलं, कोणत्या साली आलं, बियांतून आलं की कलमातून, हे दप्तरात लिहिलेलं असतं आणि त्या दप्तरातला क्रमांक झाडावर टांगलेला असतो. हे ठाऊक नसलं की माणूस तीन तास चालतो, दोनशे झाडांवरून नजर फिरवतो आणि "छान आहे, खूप हिरवं आहे" म्हणत गेटबाहेर पडतो. शहरापासून लांब, गावाकडच्या उघड्या माळावर किंवा टेकडीवर असलेल्या मोठ्या संग्रहात तर हे हमखास होतं, कारण तिथे वाट दाखवायला कुणी नसतं.

एका भेटीत बारा ते पंधरा झाडं नीट बघायची, एवढंच ठरवून जा. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

१. संग्रह कसा लावलाय ते घरूनच शोधा

झाडं लावण्याच्या पद्धती साधारण तीन. पहिली कुळानुसार: सगळे ओक एकीकडे, सगळे मेपल दुसरीकडे. बोस्टनचं अर्नोल्ड आर्बोरेटम (स्थापना १८७२) असं लावलेलं आहे. दुसरी प्रदेशानुसार: जपानचा भाग, हिमालयाचा भाग, उत्तर अमेरिकेचा भाग. तिसरी देखाव्यानुसार, म्हणजे उंची, रंग, पोत बघून शेजारी शेजारी लावलेली. इंग्लंडमधलं वेस्टनबर्ट रॉबर्ट हॉलफर्ड यांनी १८२९ मध्ये सुरू केलं ते या तिसऱ्या पद्धतीने.

हे आधी कळण्याचा उपयोग थेट चालण्याशी आहे. कुळानुसार लावलेल्या संग्रहात दोन जवळच्या जातींमधला फरक बघायला दहा पावलं पुरतात, पण ऋतूचा बहर एकाच कोपऱ्यात असतो आणि बाकीचा अर्धा संग्रह त्या दिवशी गप्प असतो. देखाव्यानुसार लावलेल्या ठिकाणी प्रत्येक वळणावर काहीतरी दिसतं, पण एकाच कुळातली पाच झाडं बघायची म्हटलं तर पाच टोकांना जावं लागतं.

संकेतस्थळावर नकाशा असेल तर उतरवून घ्या. बऱ्याच संग्रहांची झाडांची यादीही शोधता येते. आपल्याला हव्या असलेल्या सात-आठ झाडांचे क्रमांक आणि नकाशातले चौकोन वहीत उतरवून ठेवा. उरलेली सात-आठ झाडं तिथे गेल्यावर आपोआप ठरतात.

२. दिवस निवडताना

लोक दोनच वेळा जातात, बहरात आणि पानगळीच्या रंगात. दोन्ही वेळा गर्दी असते आणि दोन्हींचा नेम चुकण्याची शक्यता मोठी. मॅग्नोलिया फुलल्यावर एका रात्री दव गोठलं तरी सकाळी पाकळ्या तपकिरी झालेल्या दिसतात. शरदातल्या रंगांचंही तसंच. हरितद्रव्य मोडलं की पानातला आधीपासूनचा पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र त्या दिवसांत नव्याने तयार होतो आणि त्याला स्वच्छ ऊन व थंड, पण पाणी गोठणार नाही अशा रात्री लागतात. सलग ढगाळ, दमट आठवडे गेले की पिवळा येतो, पण लाल फिका राहतो. त्यामुळे गेल्या वर्षीचे फोटो बघून तारीख ठरवू नका. संग्रहवाले त्या त्या आठवड्याची खबर देत असतील तर ती बघा.

नवख्यांनी एकदा तरी हिवाळ्यात जावं असं आमचं मत आहे. पानं नसली की फांद्यांची ठेवण, साल, डोळे (म्हणजे पुढच्या पालवीच्या मिटलेल्या कळ्या), जुन्या छाटणीच्या खुणा सगळं उघडं असतं. पेपरबार्क मेपलची कागदासारखी सुटलेली दालचिनी रंगाची साल उतरत्या उन्हात बघावी. विच हेझेल थंडीतच फुलतं. गर्दी तर जवळजवळ नसतेच.

वाऱ्याचा अंदाज बघायला विसरू नका. जोराच्या वाऱ्यात अनेक मोठे वृक्षसंग्रह दारं बंद करतात आणि ती सूचना त्याच सकाळी लागते. निघण्याआधी एकदा बघितलं की फुकटचा हेलपाटा वाचतो.

३. पोचण्याचं गणित

इथे फार काही सांगण्यासारखं नाही, पण चुका ठरलेल्या आहेत. गावाकडच्या संग्रहाची जागा शंभरेक हेक्टर असू शकते, त्यामुळे फोनमधला नकाशा पत्ता टाकल्यावर मागच्या कुंपणाला किंवा कामगारांच्या फाटकाला नेऊन सोडतो. वाहनतळाचे अक्षांश-रेखांश किंवा मुख्य प्रवेशद्वाराचं नाव शोधून तेच टाका. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. झाडीत आणि दऱ्यांत रेंज जाते. "शेवटचा प्रवेश" आणि "बंद होण्याची वेळ" या दोन वेगळ्या वेळा असतात, अनेकदा तासाभराचा फरक असतो. बसने जाणार असाल तर परतीची शेवटची बस आधी बघा आणि मग बाकीचा दिवस आखा.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:

- तिकीट किंवा आरक्षणाची पावती. फोनमध्ये असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, रेंजवर विसंबू नका.
- विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक किंवा सभासद म्हणून सवलत घेणार असाल तर ओळखपत्र.
- नमुने गोळा करायचे असतील, ड्रोन उडवायचा असेल किंवा व्यावसायिक फोटो काढायचे असतील तर आधी मिळवलेली लेखी परवानगी. गेटवर तोंडी परवानगी मागून काही होत नाही.

साधनं:

- दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग.
- दुर्बीण, ८×३२ किंवा ८×४२. पक्ष्यांसाठी घेतलेली चालते.
- शिंप्याची कापडी टेप. दीड मीटरची पुरत नाही, पाच मीटरची घ्या.
- वही आणि पेन्सिल. पेनाची शाई दहिवरात फुटते.
- पांढऱ्या पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा. पान किंवा डहाळी त्यावर धरून फोटो काढला की मागचा गोंधळ दिसत नाही.
- बुटांचे तळवे घासायला जुना ब्रश. कारण दहाव्या पायरीत आहे.
- पूर्ण लांबीची पँट आणि मोजे. गवतात गोचीड असतात. पँट मोज्यात खोचा आणि संध्याकाळी गुडघ्यामागची जागा, कंबर, काखा तपासा. गोचीड चिकटलाच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही.

भिंग वापरण्यात जवळजवळ सगळे नवखे चुकतात. ते भिंग पानाजवळ नेतात आणि डोळा लांब ठेवतात, मग दिसतं ते एक थरथरतं टिकलीएवढं वर्तुळ. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा, हात गालाला टेकवून स्थिर करा आणि मग पान भिंगाकडे आणा. दहापटीच्या भिंगात सुमारे अडीच सेंटिमीटरवर ते एकदम स्पष्ट होतं. पानाच्या मागच्या शिरांच्या कोपऱ्यांतली लव, सुईवरच्या पांढऱ्या रेघा, डोळ्यावरचे खवले हे असंच दिसतं.

५. आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं

थेट झाडांकडे धावू नका. स्वागतकक्षात दोन प्रश्न विचारा: आज काय बघण्यासारखं आहे, आणि कोणता भाग बंद आहे? तिथले माळी आणि स्वयंसेवक हे प्रश्न ऐकायला आसुसलेले असतात, आणि त्यांच्या पहिल्या वाक्यातच तुमच्या यादीतली चार झाडं बदलतात.

वेगाचा अंदाज ताशी एक किलोमीटर धरा. रस्त्यावर माणूस ताशी चार-पाच किलोमीटर चालतो आणि त्याच हिशोबाने नकाशावरची सात किलोमीटरची फेरी निवडून बसतो. मग अर्ध्यावर वेळ संपते आणि उरलेला अर्धा संग्रह पळत पार करावा लागतो. दोन-अडीच किलोमीटरची फेरी पुरे.

६. पाटी वाचणं

सगळा खजिना इथे आहे. पाटी कधी नजरेच्या उंचीवर फांदीला टांगलेली असते, कधी खोडाला लांब स्क्रू आणि स्प्रिंगने लावलेली. स्प्रिंग असते कारण खोड जाड होत जातं. ती नसेल तर साल काही वर्षांत पाटी गिळते.

समजा, पाटीवर वर "फॅगेसी" आहे, त्याखाली "क्वेर्कस रोबुर 'फास्टिगियाटा'", खाली "४१२-६८*बी" आणि एका कोपऱ्यात "जी". याचा अर्थ असा:

फॅगेसी हे ओकचं कुळ. कुळांची नावं "एसी" या उच्चाराने संपतात, त्यामुळे पाटीवर ती लगेच ओळखू येतात. क्वेर्कस ही प्रजाती, रोबुर ही जाती. एकेरी अवतरणात असलेलं नाव माणसाने निवडून टिकवलेल्या वाणाचं. हा ओक सुरूसारखा सरळसोट वाढतो. वाणाऐवजी नावानंतर "एल." असेल तर ते लिनियसचं नाव, १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची घडी ज्याने बसवली तो. दोन नावांमध्ये गुणाकाराची फुली असेल तर ते झाड संकर आहे. शहरांच्या रस्त्यांवर दिसणारा लंडन प्लेन असाच: प्लॅटॅनस × हिस्पॅनिका.

"४१२-६८*बी" हा दाखल क्रमांक. १९६८ साली दाखल झालेली ४१२ वी नोंद, आणि त्या नोंदीतलं दुसरं झाड. "ए" आसपासच कुठेतरी असेल किंवा मेलेलं असेल. काही संग्रह वर्ष आधी लिहितात, काही शतकही लिहितात, पण तर्क तोच.

कोपऱ्यातलं अक्षर बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि आमच्या लेखी पाटीवरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. डब्ल्यू म्हणजे रानातून आणलेलं. झेड म्हणजे रानातून आणलेल्या झाडापासून लागवडीत वाढवलेलं. जी म्हणजे बागेतल्या मूळच्या झाडापासून आलेलं. यू म्हणजे मूळ माहीत नाही. सगळेच संग्रह हे अक्षर पाटीवर छापत नाहीत, पण दप्तरात ते असतं आणि विचारलं तर सांगतात. दोन सारखी झाडं शेजारी उभी असतील आणि एकावर डब्ल्यू असेल, तर त्याच्यापाशी जास्त वेळ थांबा. ते अमुक डोंगराच्या अमुक उतारावरून आलंय, एवढं त्याच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवलंय.

क्रमांकातलं साल कधी कधी गोष्ट सांगतं. जुन्या संग्रहांत मेटासेक्वॉया, म्हणजे डॉन रेडवुड, या झाडावर ४८ किंवा ४९ साल वारंवार दिसतं. या प्रजातीचं वर्णन जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांनी १९४१ मध्ये जीवाश्मांवरून केलं होतं. मग चीनमध्ये ती जिवंत सापडली आणि १९४८ मध्ये अर्नोल्ड आर्बोरेटमने तिचं बी ठिकठिकाणच्या संग्रहांना वाटलं. पाटीवरचं ४८ हे त्या वाटपाचं साल.

पाटीमुळे होणाऱ्या फसगती:

- साल हे दाखल झाल्याचं आहे, जन्माचं नाही. बी आलं असेल तर दोन्ही जवळपास एकच. पाच वर्षांचं रोप आलं असेल तर झाड पाच वर्षांनी मोठं.
- कलमी झाडावरची पाटी वरच्या कलमाची असते, खालच्या खुंटाची नाही. बुंध्यापासून फुटलेली पानं वरच्या पानांशी जुळत नसतील तर ते खुंटाचे फुटवे आहेत. कलमाची जागा बुंध्यावर आडव्या रेषेसारखी दिसते, वर-खाली साल वेगळी असते.
- जुन्या पाट्यांवरची कुळं बदललेली असतात. मेपल आणि हॉर्स चेस्टनट पूर्वी वेगवेगळ्या कुळांत होते, आता दोघेही रिठ्याच्या कुळात, सॅपिंडेसीत. पाटी चुकीची नाही, जुनी आहे.
- नावाच्या अर्थावर विसंबू नका. सॅलिक्स बॅबिलोनिका हा झुकत्या फांद्यांचा विलो मूळचा चीनचा. लिनियसचा गैरसमज नावात कायमचा राहिला. "सीडर" म्हणवणारी निम्मी झाडं खरे सीडर नसतात. आपला देवदार मात्र खरा सीडर.
- पडलेली पाटी कुणीतरी भलेपणाने उचलून शेजारच्या झाडावर टांगतं. पाटी आणि झाड जुळेना, तर चार पावलांवरच्या झाडांकडे बघा.

७. झाड बघणं: लांबून जवळ

क्रम पाळला की वेळ वाचतो. आधी झाडाच्या उंचीएवढ्या अंतरावर उभं राहून पूर्ण आकार बघा: डेरेदार आहे की सुळक्यासारखं, फांद्या वर जातात की खाली झुकतात. खऱ्या सीडरांच्या तीन जाती लांबूनच ओळखायला बरं साधन आहे: ॲटलासच्या फांद्या वर चढत्या, लेबनॉनच्या आडव्या मजल्यांसारख्या, देवदाराचं शेंड्याचं टोक झुकलेलं. तरुण झाडांत हे फसतं, म्हणून इतर खुणाही बघाच.

मग खोड. सालीवर हात ठेवा. जायंट सिक्वॉयाची साल मुठीने हलकं दाबली तर दबते, जाड आणि तंतुमय असते. वणव्यात आतल्या जिवंत भागाला तीच वाचवते.

मग डहाळी. पहिला प्रश्न: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? समशीतोष्ण प्रदेशातल्या मोठ्या झाडांपैकी मेपल, ॲश, हॉर्स चेस्टनट आणि डॉगवुड ही समोरासमोर पानांची ठळक उदाहरणं. एवढ्या एका प्रश्नाने निम्मी यादी बाद होते.

दुसरा प्रश्न: हे पान आहे की पर्णिका? कडुनिंबाचं एक "पान" म्हणून आपण जे तोडतो ती खरं तर पर्णिका असते. पूर्ण पान म्हणजे ती सगळी काडी. ओळखायची युक्ती एकच. देठ जिथे फांदीला मिळतो तिथल्या बगलेत डोळा आहे का ते बघा. डोळा असेल तर वरचं सगळं मिळून एक पान. डोळा नसेल तर आणखी मागे जा. ॲश, अक्रोड, गुलमोहर, सगळ्यांना हेच लागू.

प्लेन आणि मेपल यांची पानं बघून सगळेच गोंधळतात, कारण दोन्हींना हाताच्या पंजासारखी बोटं असतात. खाली पडलेलं पान उचला आणि देठाचं टोक बघा. प्लेनचं असेल तर टोक आतून पोकळ, शिंप्याच्या अंगुस्तानासारखं, कारण देठाची ती टोपी पुढच्या वर्षीच्या डोळ्यावर घट्ट बसलेली असते. मेपलचं असेल तर टोक साधं, आत पोकळी नाही. फळंही बघा: प्लेनचे लोंबते गोळे, मेपलच्या जोडीने आलेल्या पंखवाल्या बिया.

नाकही वापरा. कात्सुरा नावाचं झाड पानं गळताना पाक करपल्यासारखा गोड वास सोडतं, तोही पंधरा-वीस पावलांवरून येतो. झाड शोधण्याआधी वास येतो आणि लोक आसपास काही शिजतंय का ते बघत राहतात.

८. सूचिपर्णींची भीती घालवा

"सगळी सारखीच दिसतात" असं म्हणत नवखे इथून पुढे सरकतात. प्रत्यक्षात पानझडी झाडांपेक्षा यांची मोठी गटवारी सोपी आहे. खाली पडलेली एक छोटी डहाळी पुरते.

सुया जुडीत आहेत, आणि जुडीच्या मुळाशी पातळ वेष्टण आहे? मग पाइन. जुडीतल्या सुया मोजा: स्कॉट्स पाइनच्या दोन, चीडच्या तीन, हिमालयातल्या कैलच्या पाच. पाच सुयांची जुडी अलगद मिटवून धरली तर एक गोल काडी तयार होते. प्रत्येक सुई त्या गोलाची एक फोड असते. दोन सुयांच्या जुडीत प्रत्येक सुई अर्धगोल. भिंगातून आडवा छेद बघा, लगेच पटेल. मोजताना दोन-तीन जुड्या तरी बघा, एखादीत सुई गळालेली असते.

सुया एकेकट्या आहेत? मग एक सुई बोटांत फिरवून बघा. सहज फिरते, चौकोनी वाटते आणि सुई गळाल्यावर काडीवर खुंटी उरते: बहुतेक स्प्रूस. चपटी आहे, फिरत नाही, आणि गळाल्यावर काडीवर गोल सपाट वण राहतो: फर. शंकूही साक्ष देतात. स्प्रूसचे शंकू खाली लोंबतात आणि अखंड पडतात. फरचे फांदीवर ताठ उभे असतात आणि झाडावरच खवल्याखवल्याने मोडतात. म्हणून झाडाखाली अख्खा शंकू सापडला तर तो फरचा असण्याची आशा सोडा.

हिवाळ्यात उघडी बोडकी सूचिपर्णी दिसली की लोक "हे मेलंय" म्हणतात. लार्च, डॉन रेडवुड आणि स्वॅम्प सायप्रेस ही तिन्ही पानं गाळतात. लार्चच्या सुया आखूड खुंट्यांवर झुबक्याने असतात. उरलेल्या दोघांत गल्लत होतेच: दोघांनाही मऊ, पिसासारखी पानं. डॉन रेडवुडची पानं काडीवर समोरासमोर जोडीने बसतात, स्वॅम्प सायप्रेसची एकाआड एक. ओलसर जागी स्वॅम्प सायप्रेसच्या भोवती जमिनीतून गुडघ्यासारखे खुंट वर आलेले असतील तर पानाकडे बघायचीही गरज नाही.

९. घेर आणि उंची मोजणं

घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजतात. काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, १.३७ मीटरवर. तुमच्या वहीत कोणती उंची ते लिहून ठेवा. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने उंची धरा. त्या जागी गाठ आली असेल तर तिच्या खाली, जिथे खोड सगळ्यात बारीक आहे तिथे मोजा. टेप आडवी आहे ना, हे मागच्या बाजूला जाऊन बघा. तिरकी टेप नेहमी जास्त आकडा देते. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास: ३१४ सेंटिमीटर घेर म्हणजे १ मीटर व्यास.

उंचीसाठी चौकोनी कागद कर्णावर दुमडा. त्रिकोणाची एक लहान बाजू जमिनीला समांतर, दुसरी उभी धरा आणि तिरक्या बाजूच्या रेषेत शेंडा दिसेपर्यंत मागे जा. तिथून खोडापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, ही झाडाची उंची. १८ मीटर अंतर आणि १.५ मीटर डोळा, तर झाड १९.५ मीटर. यातली नेहमीची चूक अशी की डेरेदार झाडात आपल्याकडची जवळची फांदी शेंडा वाटते आणि उंची दोन-चार मीटर जास्त येते. दोन बाजूंनी मोजा. आणि झाडाच्या बुंध्याच्याच पातळीवर उभे राहा.

घेरावरून वय काढायचा ठोकताळा सांगतात: मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटर. इथे तो उलटा वापरण्यात गंमत आहे, कारण दाखल साल पाटीवर आहे. घेर २८० सेंटिमीटर आणि दाखल होऊन ७० वर्षं झाली, म्हणजे वर्षाला ४ सेंटिमीटर. हाच हिशोब शेजारच्या त्याच सालच्या दुसऱ्या जातीवर करा. माती तीच, पाऊस तोच, आणि आकडे किती लांब पडतात ते बघा.

१०. काय शिवायचं नाही, काय उचलायचं नाही

पान, फूल, बी, डहाळी तोडू नका. पडलेलं पान बघून तिथेच ठेवायला हरकत नसते, पण खिशात घालण्याबद्दल प्रत्येक संग्रहाचा नियम वेगळा, विचारा. "एक बी नेऊन लावू" हा मोह तर व्यर्थच आहे. जवळच्या जाती शेजारी शेजारी लावलेल्या असल्यामुळे ओक, निलगिरी, मेपल यांच्यात परागांची सरमिसळ होते आणि बियांतून जे उगवतं त्याला पाटीवरचं नाव लागू पडेलच असं नाही. देशाबाहेर न्यायचं असेल तर वर फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं.

बुटांचे तळवे आत जाताना आणि बाहेर पडताना घासा. फायटॉप्थोरासारखे बुरशीसदृश रोगजंतू चिखलातून एका जागेहून दुसरीकडे जातात आणि मुळं कुजवतात. आदल्या दिवशी दुसऱ्या जंगलात फिरून आला असाल तर हे जास्तच लागू.

बुंध्याजवळ घोळक्याने उभं राहणं टाळा. पाणी-अन्न घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या अर्ध्या मीटर मातीत असतात आणि डेऱ्याच्या कडेच्याही पलीकडे पसरलेली असतात. माती दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही.

जुन्या, जाड आडव्या फांदीखाली बसू नका. निवांत, उकाड्याच्या दुपारी वारा नसतानाही मोठ्या फांद्या मोडतात.

चाखून बघायचं नाही, काहीच नाही. यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या बीवरचं लाल मऊ आवरण सोडलं तर सगळं झाड विषारी आहे, आतली बीसुद्धा. हॉर्स चेस्टनट खायच्या चेस्टनटसारखा दिसतो आणि बाधतो. जपानी लाखेचं झाड दिसलं तर हात लांब ठेवा: ते आंबा आणि बिब्ब्याच्या कुळातलं आहे आणि त्याचा चीक बिब्ब्यासारखाच अंगावर उततो. गिंकोच्या मादी झाडाखालच्या पिवळ्या बियांचा वास कुजल्यासारखा येतो. त्यांच्या गराने काहींना पुरळ उठतं, बुटाला लागलं तर गाडीत बसण्याआधी पुसा.

११. फोटो आणि नोंद

प्रत्येक झाडाचा पहिला फोटो पाटीचा. मग पूर्ण झाड, साल, डहाळीवरची पानांची ठेवण, पान वरून, पान मागून, डोळा, फळ किंवा फूल. हा क्रम मोडला नाही तर घरी गेल्यावर दोनशे फोटोंतून कोणता कशाचा हे शोधावं लागत नाही: पाटी आली की नवं झाड सुरू. पाटीवर फ्लॅश चकाकतो, थोडं तिरकं उभं राहा. वहीत क्रमांक, घेर, आणि जे फोटोत येत नाही तेवढंच: वास, स्पर्श, झाडाखाली काय पडलं होतं.

पाटी नसलेलं, चुकीच्या पाटीचं किंवा आजारी झाड दिसलं (बुंध्याशी नवी अळंबी, एकाच बाजूची सुकलेली पानं, सालीतून ओघळणारा काळा रस), तर संग्रहाच्या कार्यालयाला कळवा. दाखल क्रमांक, नकाशावरचा चौकोन आणि एक फोटो एवढं पाठवा. "तळ्याजवळचं मोठं झाड" एवढ्यावरून तिथल्या माणसांना ते सापडत नाही. तळ्याजवळ मोठी झाडं चाळीस असतात.